गोपालन पाठ आहे, मनेकाही पाठ आहे, मग गुण कुठे गेले?

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आहे. पदवीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. या सत्रात संविधान आणि कायद्याचा इतिहास हे दोन्ही पेपर एकत्र आले आहेत. गाइडमधल्या सनावळ्या आणि चाळीसेक खटल्यांची नावं मी पाठ केली. तरी चाचणीत अनुच्छेद २१ (जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य) वरच्या उत्तराला १६ पैकी ५ गुण पडले आणि वर शेरा आला, 'खटल्यांची यादी नको, मुद्दा कुठे आहे?' मूळ निकालपत्र उघडलं तर इंग्रजीत शेकडो पानं. इतिहासाचा पेपर तर निव्वळ पाठांतराचा वाटतो. परीक्षेला बारा आठवडे उरलेत. सुरुवात कुठून करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमची मेहनत कमी पडलेली नाही, ती भलत्या ठिकाणी खर्च झाली आहे. तुमच्या उत्तरात गोपालन होता, मनेका गांधी होता, दोन्ही सालं बरोबर होती. गोपालनपासून मनेकापर्यंत न्यायालय पोहोचलं कसं, हे मात्र बहुधा नव्हतं, आणि परीक्षकाला 'मुद्दा' म्हणून तेच हवं होतं. आधी त्या एकाच उत्तराची दुरुस्ती करू. पुढचं सगळं त्यातूनच निघेल.

१९५० साली ए. के. गोपालन यांची स्थानबद्धता सहा न्यायाधीशांपुढे आली. बहुमत म्हणालं, अनुच्छेद २१ मधला 'कायदा' म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा. त्याने घालून दिलेली कार्यपद्धती पाळली की झालं, ती न्याय्य आहे का हे न्यायालय तपासणार नाही. १९ (भाषणादी स्वातंत्र्यं), २१ आणि २२ (अटक आणि स्थानबद्धता) हे अनुच्छेद आपापल्या जागी वेगवेगळे वाचायचे. न्या. फजल अली यांनी भिन्नमत दिलं. इथे तुम्ही स्वतःला विचारायला हवं होतं, बहुमत इतकं अक्षराला धरून का गेलं? उत्तर संविधान सभेत आहे. अमेरिकी धर्तीचं 'ड्यू प्रोसेस' (कार्यपद्धती न्याय्यही असावी ही अट) मसुद्यातून काढून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द जाणीवपूर्वक घातले गेले होते. संविधानिक सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्या. फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली होती, तीही या बदलामागे होती. म्हणजे गोपालनच्या बहुमतापुढे शब्दांची ताजी निवड होती.

पुढची पायरी गाइडांमध्ये नेहमी गळते, ती म्हणजे १९७० चा आर. सी. कूपर खटला. विषय चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा, म्हणजे मालमत्तेचा. वरवर पाहता अनुच्छेद २१ शी त्याचा काही संबंध नाही, म्हणून विद्यार्थी तो सोडून देतात. पण अकरा न्यायाधीशांच्या त्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की, कायद्याचा हेतू काय होता यापेक्षा हक्कावर त्याचा परिणाम काय होतो ते पाहायचं, आणि हक्क सुटे-सुटे वाचायचे नाहीत. गोपालनच्या भिंती इथे पडल्या. १९७८ मध्ये मनेका गांधींचं पारपत्र कारणं न सांगता जप्त झाल्याचा प्रश्न सात न्यायाधीशांपुढे आला, तेव्हा १४ (समानता), १९ आणि २१ एकत्र वाचण्याची वाट मोकळी झालेली होती. म्हणून कार्यपद्धती 'न्याय्य, रास्त आणि वाजवी' असली पाहिजे असं न्यायालयाला म्हणता आलं. कूपर वगळला तर गोपालन आणि मनेका यांच्यात कारणच उरत नाही. उरते ती यादी, आणि तुमच्या परीक्षकांनी नेमकं तेच लिहिलं.

आता निकालपत्रांकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णय ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि निवडक निर्णयांची मराठी भाषांतरंही तिथे आहेत. भाषांतर समजून घेण्यापुरतं वापरा, उद्धृत करताना मूळ मजकूरच पाहा. सगळी पानं वाचायची नसतात, पण कोणती वाचायची हे ठरवायला हातात पेन्सिल घेऊन एक फेरी मारावी लागते. पहिल्या वीस मिनिटांत एवढंच शोधा : तारीख, पीठ किती जणांचं, किती स्वतंत्र निर्णय, कोण कोणाशी सहमत, आणि न्यायालयात आलेल्या माणसाला नेमकं काय हवं होतं. दुसऱ्या फेरीत न्यायालयाने स्वतः मांडलेले प्रश्न आणि शेवटची आदेशाची परिच्छेदं वाचा. तिसरी फेरी फक्त ज्या प्रश्नासाठी तुम्ही तो निर्णय उघडला त्याच्या चर्चेपुरती. साधारण लांबीच्या निर्णयाला एवढ्याने दोन-अडीच तास पुरतात.

हेडनोट, म्हणजे निर्णयाच्या डोक्यावरचा सारांश, वाचून थांबू नका. ती संपादकाने तयार केलेली असते, न्यायालयाचे शब्द नसतात. बहुमताच्या निर्णयातलं ओझरतं मत आणि प्रत्यक्ष निर्णयाचा आधार यांतला फरक हेडनोटमध्ये पुसला जातो, आणि प्रॉब्लेमचा (काल्पनिक प्रसंग देऊन विचारलेला) प्रश्न बहुतेक वेळा त्याच फरकावर बेतलेला असतो.

केशवानंद भारती (२४ एप्रिल १९७३) हा वेगळा मामला आहे. तेरा न्यायाधीश, अकरा स्वतंत्र निर्णय, पानं सातशेच्या आसपास. पहिल्या पानापासून सुरुवात केलेली माणसं शंभराव्या पानाच्या आत थांबतात. तुम्ही न्या. एच. आर. खन्ना यांच्या निर्णयापासून सुरुवात करा. सहा न्यायाधीशांचा कल घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा आहेत याकडे होता, सहांचा तशा मर्यादा नाहीत याकडे. खन्ना दोघांच्याही पूर्ण बाजूने नव्हते. दुरुस्ती करता येईल, पण मूलभूत चौकट नष्ट करता येणार नाही, हे ७ विरुद्ध ६ बहुमत त्यांच्या मतामुळे झालं. त्यांचे निष्कर्ष नीट वाचले की उरलेल्या बारांपैकी कोणाचं काय वाचायचं ते आपोआप ठरतं. पुट्टस्वामीचं (२४ ऑगस्ट २०१७) उलट आहे. नऊही न्यायाधीश एकमताने खासगीपणाच्या बाजूने, निर्णय सहा. त्यामुळे तिथे निकाल शोधायचा नसतो, सहा जणांनी दिलेली वेगवेगळी कारणं शोधायची असतात.

प्रत्येक निर्णयाची टिपणं एकाच पानावर मावली पाहिजेत. तारीख आणि पीठ, मागणी काय होती, कोणता अनुच्छेद, प्रश्न, उत्तर, कारण, आधीचा कोणता निर्णय मोडला किंवा आखडला, आणि पुढे याचं काय झालं. यातल्या 'कोणता अनुच्छेद' पुढे त्या वर्षीचा मजकूर लिहा, आजचा नव्हे. हे मी ठासून सांगतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. रोमेश थापर खटला (मे १९५०) घ्या. मुंबईतून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली बंदी घातली आणि न्यायालयाने ती रद्द केली. आजचा बेअर अॅक्ट (भाष्याशिवाय छापलेला मूळ मजकूर) समोर ठेवून वाचलंत तर न्यायालय चुकलं असंच वाटेल, कारण अनुच्छेद १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' स्पष्ट लिहिलेली आहे. पण ती १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, 'वाजवी' हा शब्दही त्याच वेळी आला, आणि या खटल्याचा निकाल हे त्या दुरुस्तीचं एक मोठं कारण होतं. तसंच मालमत्तेचं. १९(१)(च) आणि ३१ हे अनुच्छेद ४४ व्या दुरुस्तीने गेले. ते समोर नसतील तर शंकरी प्रसादपासून गोलकनाथपर्यंतच्या खटल्यांतलं घटनादुरुस्तीचं भांडण कशावरून होतं हेच कळणार नाही. बेअर अॅक्टच्या तळटिपा बारीक अक्षरात असल्या तरी त्या आधी वाचा.

अनुच्छेदातले छोटे शब्दही पेन्सिलीने गोल करा. १४ आणि २१ 'व्यक्ती'ला आहेत, १९ फक्त 'नागरिका'ला; त्यामुळे प्रॉब्लेममधली अर्जदार परदेशी असेल किंवा कंपनी असेल तर उत्तराची सुरुवातच बदलते. 'अधीन राहून' आणि 'काहीही असले तरी' यांवर २४५ आणि २४६ हे अनुच्छेद उभे आहेत.

आता तुमच्या दुसऱ्या पेपराकडे. तो पाठांतराचा वाटतो, कारण गाइडात सनदा एकाखाली एक येतात आणि प्रत्येक सनद मागचीसारखीच दिसते. १८६१ पर्यंतचा सगळा भाग एका गोष्टीने उलगडतो : हिंदुस्थानात दोन न्यायव्यवस्था शेजारी-शेजारी चालू होत्या. एक इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालणारी, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या शहरांत. दुसरी कंपनीची, मुफसलात, म्हणजे या शहरांबाहेरच्या मुलखात. वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे राजाची न्यायालयं : १७२६ च्या सनदेची मेयर कोर्टं, १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने आलेलं आणि १७७४ मध्ये सुरू झालेलं कलकत्त्याचं सुप्रीम कोर्ट, मुंबईत १७९८ चं रेकॉर्डर्स कोर्ट आणि १८२३ च्या सनदेचं सुप्रीम कोर्ट. उजवीकडे कंपनीची : वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेतल्या दिवाणी आणि फौजदारी अदालती, वरच्या सदर अदालती, कॉर्नवॉलिसची १७९३ ची व्यवस्था, आणि आपल्याकडे एल्फिन्स्टनची १८२७ ची संहिता. मग प्रत्येक नावापुढे चार प्रश्न : हे न्यायालय कोणाचं, त्याचा अधिकार कोणावर, कायदा कोणता लावायचा, अपील कुठे?

चौथ्या-पाचव्या नावापर्यंत येताच लक्षात येईल की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर धूसर आहे. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा अधिकार मुफसलातल्या जमीनदारावर चालतो का? कंपनीच्या अदालतीतल्या काझी-मुफ्तींवर चालतो का? पाटणा खटला आणि कासिजोरा प्रकरण ही याच धूसरपणाची फळं आहेत. कासिजोऱ्यात तर शेरीफच्या माणसांना अडवायला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने सैन्य पाठवलं. १७८१ चा अॅक्ट ऑफ सेटलमेंट त्यावरचा उपाय होता. असं मांडलं की 'पाटणा खटल्यावर टीप लिहा' हा प्रश्न कथा सांगून संपत नाही. तुम्ही त्यात अधिकारक्षेत्राचा घोळ दाखवता आणि कायद्याने तो कसा मिटवला ते सांगता. १८६१ च्या हायकोर्ट्स अॅक्टने दोन्ही रकाने एकत्र आणले. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं. त्याच्या १८६५ च्या लेटर्स पेटंटचा (राजसनदेचा) उल्लेख मुंबईच्या निर्णयांत आजही येतो, कारण अनुच्छेद २२५ ने उच्च न्यायालयांचे आधीचे अधिकार चालू ठेवले.

एक सूचना वेगळी काढून देतो : उत्तरात नुसतं 'सर्वोच्च न्यायालय' लिहू नका. १७७४ चं कलकत्त्याचं न्यायालय, १९३७ चं फेडरल कोर्ट आणि १९५० चं आजचं सर्वोच्च न्यायालय या तीन वेगळ्या संस्था आहेत. घाईत लिहिलेल्या उत्तरांत त्या सर्रास एकमेकींत मिसळतात.

अनुच्छेद २२५ सारखे सांधे आणखी आहेत. दोन पेपर एकत्र अभ्यासायला मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात. ३७२ जुने कायदे चालू ठेवतो. १३(१) त्यांपैकी मूलभूत हक्कांशी विसंगत तेवढा भाग निष्प्रभ करतो. ३७४ ने फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ३९५ ने १९३५ चा भारत सरकार कायदा रद्द केला. आता भिकाजी नारायण ढाकरस (१९५५) वाचून बघा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४७ च्या मोटार वाहतूक कायद्याचं १९५० मध्ये काय झालं? मेला की झाकोळला? न्यायालयाने ग्रहणाची उपमा दिली आणि १९५१ च्या दुरुस्तीने सावली हटल्यावर कायदा पुन्हा लागू झाला असं सांगितलं. हा सिद्धांत गाइडमध्ये चार ओळींत असतो. १३(१) आणि ३७२ एकत्र ठेवून वाचला की तो पाठ करावा लागत नाही.

बारा आठवड्यांत असे चार धागे पूर्ण करा, म्हणजे एक प्रश्न वसाहतकाळापासून आजपर्यंत. पहिला धागा राजद्रोहाचा घ्या. मराठी वाचणाऱ्याला त्यात इतरांपेक्षा थोडं पुढे जाता येतं. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात या गुन्ह्याचं कलम होतं, १८६० च्या दंड संहितेत ते राहून गेलं, १८७० मध्ये १२४-अ म्हणून आलं. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रीतीचा अभाव. इतका रुंद अर्थ. १८९८ मध्ये कलम आणखी विस्तारलं. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी 'केसरी'तल्या लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरांवरच आक्षेप घेतले. मूळ लेख आणि इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवलंत तर शब्दाच्या छटेवर शिक्षा कशी अवलंबून असते ते तुम्हाला थेट दिसेल.

पुढचा टप्पा संविधान सभेचा. मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांत 'राजद्रोह' हा शब्द होता. डिसेंबर १९४८ च्या चर्चेत क. मा. मुन्शींनी तो वगळण्याची बाजू मांडली आणि तो गेला. दंड संहितेतलं कलम मात्र ३७२ मुळे जिवंत राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात पाच न्यायाधीशांपुढे दोन जुनी वाचनं होती : सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा, हे फेडरल कोर्टाचं १९४२ चं नीहारेंदु दत्त मजुमदार खटल्यातलं, आणि ते चूक ठरवणारं प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाचं, १९४७ चं. न्यायालयाने फेडरल कोर्टाचं स्वीकारलं आणि कलम आखडून वाचवलं. म्हणजे इतिहासाच्या पेपरातला मतभेद संविधानाच्या पेपरात निकाल ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२२ च्या आदेशाने कलमाचा वापर थांबला, १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १५२ चे शब्द वेगळे आहेत. ते १२४-अ च्या शब्दांशी ओळीला ओळ लावून पाहा.

दुसरा धागा घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा, तिसरा आरक्षणाचा (चंपकम दोराईराजन ते दविंदर सिंग), चौथा व्यक्तिगत कायद्यांचा. चौथ्याची सुरुवात हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेतच आहे, कारण हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण हे वाटप तिथलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा नरसू अप्पा माळी खटला (न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर) त्याला अनुच्छेद १३ शी आणून भिडवतो. प्रत्येक धाग्याला दोन आठवडे धरा : आठवड्याला दोन निर्णय, संविधान सभेच्या चर्चेतला एक दिवस, आणि वेळ लावून लिहिलेलं एक उत्तर. उरलेल्या चारांपैकी दोन आठवडे अभ्यासक्रमातल्या सुट्या विषयांना आणि दोन फक्त लिखाणाला. यातला लिखाणाचा वेळ कापू नका.

इंग्रजीची भीती दीडशे शब्दांची आहे, त्याहून जास्त नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा आणि निर्णय वाचताना अडलेला शब्द वाक्यासकट वहीत उतरवा. सुटा शब्द लक्षात राहत नाही. संविधानाची मराठी आवृत्ती समजण्यासाठी शेजारी असू द्या. शब्दावरून वाद असेल तिथे मात्र इंग्रजी मजकूरच बघा, कारण ३९४-अ ने अधिकृत ठरवला तो हिंदी पाठ. मराठीसाठी तशी तरतूद नाही. मराठीत उत्तर लिहायची मुभा आहे का, हे तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात आजच पाहून घ्या. मुभा असली तरी संज्ञा एकच ठेवा : 'कलम' कायद्याला, 'अनुच्छेद' संविधानाला.

उत्तराची मांडणी. तीन तासांत सहा मोठी उत्तरं असतील तर प्रश्न निवडण्याचा वेळ वजा जाता एकाला पंचवीस मिनिटं मिळतात, म्हणजे साडेतीन-चार पानं. पहिल्या तीन ओळींत प्रश्नाला थेट उत्तर द्या. 'भारताचे संविधान हे जगातील सर्वांत मोठे' अशी सुरुवात नको. मग अनुच्छेदाचे नेमके शब्द, मग धागा : आधी काय होतं, कोणत्या निर्णयाने काय बदललं आणि कोणत्या कारणाने. चार किंवा पाच खटले पुरतात. प्रत्येकाच्या मागे 'कारण' हा शब्द आला पाहिजे. तो येत नसेल तर तो खटला उत्तरातून काढा. भिन्नमत पुढे बहुमत झालं असेल तर ते आवर्जून लिहा. एडीएम जबलपूर (१९७६, आणीबाणीतल्या स्थानबद्धतेचा खटला) मधलं खन्नांचं एकाकी मत पुट्टस्वामीत मान्य झालं, ही एक ओळ तुमच्या अनुच्छेद २१ च्या उत्तरात हवी होती. साल आठवत नसेल तर अंदाजाने ठोकू नका, नुसतं नाव लिहा आणि पीठाचा आकार लिहा. मोठं पीठ लहान पीठाला बांधतं, त्यामुळे आकड्याला तिथे सालापेक्षा जास्त वजन आहे.

या आठवड्यात दुसरं काही हातात घेऊ नका. गोपालनमधला न्या. फजल अली यांचा निर्णय, कूपरमधला हक्क एकत्र वाचण्याचा भाग आणि मनेकामधला न्या. भगवतींचा निर्णय वाचा, तिघांची तीन पानं करा, आणि पाच गुण मिळालेलं ते उत्तर घड्याळ लावून पुन्हा लिहा. जुनं आणि नवं दोन्ही घेऊन शेरा देणाऱ्या त्याच प्राध्यापकांकडे जा.